घरचं खाऊन, गावात राहून युनिव्हर्सिटीच्या बॉडीबिल्डिंगमध्ये उतरता येते काय?

कपाशीवाला_दारव्हा

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातला आहो, बीए सेकंड इयर, कॉलेज तालुक्याच्या गावी अन विद्यापीठ आपलं संत गाडगेबाबा अमरावती. मागच्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचा एक सिनिअर इंटर कॉलेजिएटच्या शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरला होता, त्याच्यासंग बॅग धरायला म्हणून गेलो होतो, अन तिथं स्टेजवरची पोरं पाहिली तेव्हापासून ते डोक्यातून जातच नाही. या वर्षी मले स्वतः उतरायचं आहे.

माझं सगळं आधी सांगून टाकतो म्हणजे तुम्हाले सल्ला देता येईन. उंची पाच फूट सहा, वजन ६२. शाळेपासून जोर-बैठका, कॉलेजला आल्यापासून जिम. जिम तालुक्यालाच आहे, लेक्चर सुटले की जातो पण शेवटची यष्टी पकडा लागते म्हणून तास-सव्वातासाच्या वर वेळ भेटत नाही. घरी कपाशी, तूर अन थोडं सोयाबीन. पेरणी झाली, आता डवरणी-निंदण चालू आहे, रविवारी तर पूर्ण दिवस वावरातच. घर माळकरी आहे, बाबा दरवर्षी वारीले जातात, अंडं-मटण घरात येत नाही अन मलेही खायचं नाही. ते सोडून सांगा.

आता खरी अडचण. जिममधला जो शिकवते तो म्हणते की कोर्स केल्याशिवाय स्टेजवर उभा राहू नको, दिसणारच नाहीस. तीन महिने गोळ्या अन शेवटी शेवटी इंजेक्शन, पैसे हप्त्यानं दे म्हणते. दोघं-तिघं पोट्टे घेऊन राहिले तिथं, अन त्यांचं अंग खरंच फुगलं, खोटं कशाला बोलू. दुसरं म्हणजे बाबा. त्यांना मी विचारून पाहिलं तर म्हणे चड्डीवर लोकांपुढं उभं राहून काय मिळते, नोकरी लागते काय त्यानं. मले उत्तर देता आलं नाही. अन तिसरं, नाव कुठं द्यायचं, कोणते कागद लागते, वजनगट कसा धरायचा यातलं काहीच माहीत नाही, सिनिअर पास होऊन पुण्याले कंपनीत गेला, फोन उचलत नाही.

दिवाळीनंतर स्पर्धा होते म्हणतात. तेवढ्यात होईन काय? खरं ते सांगा.


कलर_होल्डर_घाटंजी

होईन. मी बी खेड्यातलाच, अमरावती विद्यापीठाचा कलर होल्डर, म्हणजे विद्यापीठाच्या संघातून खेळलेला, आता शेती अन बाजूनं छोटी व्यायामशाळा चालवतो. तुह्या प्रश्नात जे नाई ते पयले सांगतो, कारण सगळे पोट्टे तिथंच मार खाते.

पाय. आपल्याकडचा पोट्टा स्टेजवर आला की छाती-दंड बरे असते, जोर मारून मारून खांदे बी चांगले असते, अन खाली पाह्यलं तं काहीच नाई, वरतं एक माणूस अन खालतं दुसराच. सात कम्पलसरी पोज असते: फ्रंट डबल बायसेप, फ्रंट लॅट स्प्रेड, साइड चेस्ट, बॅक डबल बायसेप, बॅक लॅट स्प्रेड, साइड ट्रायसेप अन अॅब्डोमिनल-थाय. नाव कोनतंही असो, सातही पोजमधे जज पाय पाह्यते. साइड चेस्टले पोटरी कसा लागते, बॅक डबल बायसेपले एक पाय मागं टाकून चवड्यावर उभं राहून पोटरी अन मांडीचा मागचा भाग दाखवा लागते. म्हणून आठवड्यातून दोन दिवस स्क्वॉट, बाकी काही सुटलं तं सुटलं. मांडीच्या मागच्या भागासाठी रोमानियन डेडलिफ्ट. पाठीसाठी चिनअप, त्याले तं जिमही लागत नाई, गोठ्याची आडवी बल्ली पक्की असली की झालं. तुह्याकडे सव्वा तास आहे तं तेवढ्यात मोठे चार व्यायाम कर अन वही ठेव, कोनत्या दिवशी किती किलो, किती वेळा. मागच्या हप्त्यापेक्षा एक रेप जास्त नाईतं अडीच किलो जास्त, एवढंच पाह्य. मोबाइलमधे पाहून रोज नवा व्यायाम करू नको.

दुसरी गोष्ट पोजिंग. याले कोनी व्यायाम समजत नाई अन हाच अर्धा खेळ आहे. स्टेजवर आधी चारी बाजूनं फिरवते, क्वार्टर टर्न म्हणते त्याले, तेव्हा बी ढिलं उभं राहता येत नाई, पूर्ण अंग कसून ठेवा लागते. मंग नंबर पुकारून तिघा-चौघांले बाजूबाजूनं उभं करते अन तेच तेच पोज घ्यायले लावते, जज लोकांचं समाधान होतपर्यंत. एकेक पोज दहा-पंधरा सेकंद धरायची, चेहरा शांत, श्वास रोखायचा नाई. ज्यानं सराव केला नाई त्याचे पाय लटलट कापते, घाम येते, पोट सुटते. मी असे पोट्टे पाह्यले की ज्याचं अंग पयल्या नंबरचं होतं पण त्याले लॅट, म्हणजे काखेखालचे पाठीचे पंख, उघडताच आले नाई, अन त्याच्याहून बारीक पोट्टा मेडल घेऊन गेला. आजपासून रोज झोपाच्या आधी वीस मिनिटं, कपाटाच्या आरशापुढं. शेवटच्या महिन्यात आरसा सोडून दे, कारण स्टेजवर आरसा नसते, अंगालेच समजलं पायजे की लॅट उघडले का नाई. कोनाले तरी मोबाइलवर शूटिंग करायले सांग अन पाह्य.

वेळेचा हिशेब असा लाव. आत्तापासून पोळ्यापर्यंत पोटभर खा अन वजन वाढव, लाज धरू नको. पोळा झाला की हळूहळू कमी करणं सुरू. आठवड्याले ३०० ते ६०० ग्रॅम उतरलं पायजे, त्याहून जास्त उतरलं तं तू चरबी नाई मांस घालवून राह्यला. अन एक गोष्ट शहरातले तुले सांगणार नाई. दसरा-दिवाळीच्या मधे सोयाबीन सोंगणी येईन अन नेमकं तेव्हाच तुहं खाणं सगळ्यात कमी असन. त्या दिवसात सायकल, दोरीवरच्या उड्या, रनिंग सगळं बंद. वावरातलं काम हेच कार्डिओ, वरतून आनखी पळशीन तं पायाचं मांस जाईन. सोंगणीच्या दिवशी दोन भाकरी जास्त खा.

कोर्सबद्दल मी एवढंच म्हणतो की तो हप्त्यानं पैसे घेऊन राह्यला म्हणजे तो मास्तर नाई, दुकानदार आहे. बाकी त्यातलं समजणारे लोक सांगतीन.


नागपूरवाली_न्यूट्रिशन

मी होम सायन्सला आहे, न्यूट्रिशन घेऊन. मूळ गाव वर्धा जिल्ह्यात, त्यामुळे तुमच्या घरी काय शिजतं ते मला माहीत आहे. माळकरी घर म्हणून घाबरू नका.

हिशेब करू. स्नायू वाढवायला किलोमागे साधारण १.६ ग्रॅम प्रोटीन पुरतं, डाएट कडक असताना थोडं वर, दोनपर्यंत. तुमचं वजन ६२, म्हणजे १०० ग्रॅमच्या आसपास. आता घरातलं बघा. सोया वडी कोरडी ६० ग्रॅम म्हणजे ३१ ग्रॅम प्रोटीन, ही एकटीच तुमचा तिसरा हिस्सा भरते आणि किराणा दुकानात सगळ्यात स्वस्त हीच मिळते. अर्धा लिटर दूध १६. कच्ची ८० ग्रॅम तूरडाळ, म्हणजे दोन्ही वेळचं घट्ट वरण, १७ च्या आसपास. मूठभर फुटाणे, ५० ग्रॅम धरा, १०. शेंगदाणे ४० ग्रॅम, १०. आणि दिवसभरात २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, त्यातून २०. झाले की शंभराच्या वर. याच्यात झुणका, मठ, बरबटीची उसळ मी धरलेलीच नाही. भाकरी आणि वरण सोबत खाल्लं की एकात जे अमिनो आम्ल कमी पडतं ते दुसऱ्यातून भरून निघतं, आपल्या आजीच्या ताटात ते आधीपासून आहे.

घरचं सोयाबीन आहे म्हणून कच्चं भिजवून खाऊ नका, खूप पोरं हे करतात. त्यात प्रोटीन पचू न देणारे घटक असतात, ते चांगलं शिजवल्यावरच जातात. नाहीतर पोट फुगतं आणि फायदा काहीच नाही.

वजन कमी करायच्या काळात तेल आणि साखर आधी कमी करा, भाकरी सगळ्यात शेवटी. आपल्याकडे भाजीवर तर्री तरंगते तेवढी तीच काढून ठेवली तरी पुष्कळ फरक पडतो. जवसाची चटणी ठेवा पण चमचाभर. शाकाहारी आहात तर बी-१२ एकदा तपासून घ्या, कमी असलं तर थकवा येतो आणि आपण समजतो व्यायाम जास्त झाला.

प्रोटीन पावडर घ्यायची गरज नाही. पैसे उरलेच तर साधं क्रिएटिन, रोज ३ ते ५ ग्रॅम, ते बंदी असलेल्या यादीत नाही आणि मांस न खाणाऱ्यांना त्याचा फायदा जरा जास्तच दिसतो. पण सीलबंद, पावतीवर आणि चांगल्या कंपनीचं. जिममध्ये सुटं भरून देतात ते अजिबात नको, त्यात काय मिसळलंय ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.


रेडी_टू_लिफ्ट_वणी

सगळे गोड बोलून राहिले म्हणून मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. मी स्वतः घेतलेलं नाही पण जिमचा माहोल जवळून पाहतो. ओपनच्या ज्या मोठ्या स्पर्धा होतात, बॅनरवाल्या, रोख बक्षिसाच्या, तिथं वरच्या नंबरातले बहुतेक घेऊनच येतात असंच सगळे बोलतात, अन तेच पोरं कॉलेजात अॅडमिशन घेऊन विद्यापीठात बी उतरतात. हा पोरगा वरण-भाकर खाऊन त्यांच्या बाजूनं उभा राहील अन मग त्याचं मन तुटेल. मी घे म्हणत नाही. मी म्हणतो बॉडीबिल्डिंग सोड अन पॉवरलिफ्टिंगला जा, तिथं किती किलो उचललं ते दिसते, जजच्या मनावर काहीच नाही, अन चड्डीचा प्रश्न पण सुटते.


पीएचसी_डॉक्टर

मी ग्रामीण भागातच सरकारी दवाखान्यात काम करतो. वणीच्या मित्राचा मुद्दा प्रामाणिक आहे, पण पॉवरलिफ्टिंगमध्येही डोपिंग आहे, खेळ बदलून त्यातून सुटका होत नाही. त्यामुळे गोळी-इंजेक्शनचं नीट सांगतो.

जिममध्ये 'कोर्स' म्हणून जे देतात ते बहुतेक अॅनाबॉलिक स्टेरॉइड असतं. गोळीत मेथँडियनोन किंवा स्टॅनोझोलॉल, इंजेक्शनात नँड्रोलोन किंवा टेस्टोस्टेरॉन. बाहेरून हार्मोन आलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, वृषण आकसतात, शुक्राणू कमी होतात. कोर्स थांबल्यावर स्वतःचं हार्मोन परत सुरू व्हायला कित्येक महिने लागतात, काहींचं नीट होतच नाही. त्या काळात फुगलेलं अंग उतरतं आणि पोरगा इतका खचतो की पुन्हा सुईकडे जातो. गोळ्या यकृतावर जातात. ओपीडीत मी काय पाहतो तर विशीतली पोरं, छातीला गाठ आली म्हणून बनियनवर शर्ट, शर्टावर जॅकेट घालून आलेली, भर उन्हाळ्यात. ती ग्रंथी एकदा वाढली की बऱ्याचदा ऑपरेशनशिवाय जात नाही. कुल्ह्यात पू झालेलं इंजेक्शन, कावीळ, वीस-बावीसच्या वयात वाढलेलं बीपी. आईबापाला खरं सांगत नाहीत, 'गरमी झाली' म्हणतात.

दुसरा प्रकार म्हणजे व्यायामाआधी घेतात ते मेफेंटरमाइन, जिमवाल्यांच्या भाषेत टर्मिन. ते मुळात ऑपरेशनच्या वेळी पडलेलं बीपी वर आणायचं औषध आहे. धडधाकट माणसाला ते टोचून वर स्क्वॉट मारायला लावणं म्हणजे हृदयाशी खेळ आहे. हे ऐकलं की मला खरोखर संताप येतो.

आणि तिसरा, ज्यानं माणसं स्पर्धेच्या दिवशी मरतात तो, शेवटच्या आठवड्यात पाणी तोडणं आणि लघवीची गोळी. त्यानं पोटॅशियम बिघडतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. १९९२ मध्ये मोहम्मद बेनाझिझा हा जगातला वरच्या दर्जाचा बॉडीबिल्डर हॉलंडमधली स्पर्धा जिंकून त्यानंतर काही तासांतच गेला. १९९६ मध्ये ऑस्ट्रियाचा आंद्रेआस म्युन्झर गेला, वय ३१, अवयव निकामी होऊन. त्यांच्यामागे पैसा होता, डॉक्टर होते. आपल्याकडे रात्री अकराला अॅम्ब्युलन्स यायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. पाणी नेहमीसारखं प्या, मीठ नेहमीएवढंच ठेवा. वर्षभर मेहनत केलेलं शरीर एका दिवसाच्या तहानेनं सुधारत नाही, उलट स्नायू चपटे पडतात.

नियमाचं म्हणाल तर नाडा, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजक द्रव्य विरोधी संस्था, विद्यापीठ स्पर्धेतही नमुने घेऊ शकते. देशात त्यासाठी २०२२ चा कायदा आहे. स्टेरॉइड सापडलं तर पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी, मेडल परत, आणि नाव वेबसाइटवर. बीएच्या मुलासाठी चार वर्षं म्हणजे विद्यापीठाचा खेळ संपला. लघवीची गोळीही त्याच यादीत आहे.

एक शेतातलं. डाएट चालू असताना उपाशीपोटी फवारणीला जाऊ नका, आणि दमट उन्हात उघड्या अंगानं तर मुळीच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं काय झालं ते मी सांगायला नको.


क्रीडा_संचालक

मी याच विद्यापीठाच्या क्षेत्रातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे, म्हणजे मुलं ज्यांना डीपीई सर म्हणतात तो. कागदांचं मी सांगतो.

उद्याच तुमच्या कॉलेजच्या डीपीई सरांना भेटा आणि नाव लिहून द्या. विद्यार्थी परस्पर जाऊन उतरू शकत नाही, एन्ट्री कॉलेजकडूनच जाते. खेळाच्या नावानं गोंधळू नका, भारतीय विश्वविद्यालय संघाच्या यादीत हा खेळ 'बेस्ट फिजिक' या नावानं असतो. एलिजिबिलिटी फॉर्म भरावा लागतो, त्याला दहावी-बारावीच्या मार्कशीट, यंदाच्या अॅडमिशनची पावती, फोटो, ओळखपत्र. नियमित विद्यार्थी पाहिजे आणि वय १७ ते २५ मध्ये. जन्मतारीख सगळ्या कागदांवर एकच आहे का ते आत्ताच बघा, आपल्या भागात शाळेच्या दाखल्यावर एक आणि आधारवर एक असं फार असतं आणि नेमकं शेवटच्या दिवशी मुलगा बाद होतो. दरवर्षी एखादं तरी पोरगं या कारणानं रडताना बघतो, इतकं वाईट वाटतं.

इंटर कॉलेजिएटमध्ये नंबर आला आणि निवड झाली की विद्यापीठाच्या संघात नाव येतं, कोचिंग कॅम्प होतो, ट्रॅकसूट मिळतो, आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. तिथं पंजाब, हरियाणा, केरळकडची मुलं येतात, दर्जा एकदम वेगळा. पहिल्या वर्षी तिथं मेडलची अपेक्षा धरू नका, पण तिथं उभं राहून आलेला मुलगा परत येतो तो वेगळाच असतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

वजनगट साधारण पाच-पाच किलोच्या टप्प्यानं असतात, यंदाचे नेमके गट परिपत्रकात येतील. ६२ किलोच्या मुलानं ओढूनताणून ५५ ला जाऊ नये आणि ६५ भरायला चरबीही चढवू नये. आधी अंग घासूनपुसून तयार करा, ज्या गटात बसाल तो तुमचा. तुमच्या उंचीला कट असलेले, म्हणजे स्नायूंच्या रेषा स्पष्ट दिसणारे, ६० किलो मंचावर फार छान दिसतात. मनोहर आइच यांची उंची अवघी चार फूट अकरा इंच होती. इंग्रजांच्या काळात ते तुरुंगात होते, साधनं नसताना तिथंच व्यायाम केला, आणि १९५२ मध्ये लंडनला जाऊन मिस्टर युनिव्हर्स झाले. १०४ वर्षं जगले. लहान चणीच्या मुलांना मी त्यांचा फोटो दाखवतोच.

आता वडिलांचा प्रश्न. त्यांना खोटं सांगू नका. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं, पण कोणता खेळ आणि कोणत्या स्तरावरचं पदक हे दोन्ही पाहिलं जातं, आणि विभागीय क्रीडा उपसंचालक कार्यालयातून प्रमाणपत्राची पडताळणी होते. इंटर कॉलेजिएटच्या प्रमाणपत्रावर नोकरी लागत नाही. शरीरसौष्ठव ऑलिम्पिकमध्ये नाही, एशियन गेम्समध्ये २००२ ला बुसानला आणि २००६ ला दोह्याला होतं, नंतर काढून टाकलं. त्यामुळे 'बॉडी कमावली की सरकारी नोकरी' असं कुणी सांगत असेल तर त्याच्यापासून दूर राहा. तसेच गल्लोगल्ली संघटना निघाल्यात, भरमसाट फी घेऊन 'श्री' ची पदवी आणि प्रमाणपत्र देतात, त्याचा भरतीत उपयोग होत नाही.

मग मिळतं काय? शारीरिक शिक्षणाचा रस्ता मिळतो. बीएनंतर बीपीएड करता येतं. अमरावतीला श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथला चमू १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी भारतीय खेळ दाखवून आला होता. एवढी मोठी व्यायामाची परंपरा आपल्या विदर्भात आहे आणि आपलीच मुलं ती बघायला जात नाहीत याचं मला वाईट वाटतं. एकदा वडिलांना घेऊन जा तिथं.


कपाशीवाला_दारव्हा

सगळ्यांचे आभार, खूप कामाचं सांगितलं, मी दोनदा वाचलं अन वहीत उतरवून घेतलं. आज डीपीई सरांना भेटलो, त्यांनी नाव लिहून घेतलं अन म्हणाले कॉलेजातून या खेळाला फार कमी जण येतात. जिमवाल्याले सांगून टाकलं की कोर्स नको, त्यानं तोंड वाकडं केलं पण मशीन वापरू देऊन राहिला. आधारवर जन्मतारीख बरोबर आहे.

सोया वडी आईनं वांग्याच्या भाजीत टाकून दिली, चांगली लागते.

बाबांना इथं क्रीडा संचालक सरांनी लिहिलेलं नोकरीचं जसंच्या तसं वाचून दाखवलं. ते काही बोलले नाही, पण नाही बी म्हटलं नाही. मग त्यांनी एकच विचारलं, स्टेजवर गळ्यातल्या माळेचं काय. मी माळकरी आहो, तुळशीची माळ आहे गळ्यात. सिनिअर म्हणत होता की स्टेजवर काहीच घालू देत नाही. माळ काढणं आमच्यात होत नाही. अन चड्डीचं त्यांच्या मनातून गेलं नाही अजून.


कलर_होल्डर_घाटंजी

भाऊ, नाव देल्लं हे लय चांगलं केलं.

चड्डीचं पयले. तुह्या बाबाले इचार, नागपंचमीले गावात कुस्त्यांचा फड होते तवा पैलवान काय घालून उतरते? लंगोट. अन पाह्यले कोन बसते, सरपंच, म्हातारे, कीर्तनकार बुवा, सगळे. कोनाले लाज वाटत नाई, उलट हातात नारळ देते, फेटा बांधते. आखाड्यात लंगोट चालते अन स्टेजवर चड्डी चालत नाई असं कसं? अंग मेहनतीनं कमावलं असन तं ते झाकायची गरज नाई. हे तू सांगू नको, तुह्या गावचा एखादा जुना पैलवान असन त्याच्या तोंडून सांग, त्याचं ऐकतीन. चड्डी बी साधी, एकाच रंगाची, चमक नसलेली लागते. आधीच घेऊन ठेव अन घालून पोजिंग कर, नाईतं स्टेजवर अवघडल्यासारखं होते.

माळेचं. नियम असा आहे की अंगठी, कडं, चेन, गंडा, कानातलं, घड्याळ असं लक्ष वेधणारं काही चालत नाई, अन गळ्यातली वस्तू त्यातच धरते. तू आत्ताच डीपीई सराइले सांग की विद्यापीठाच्या क्रीडा विभागाले लिहून इचारा, माळ धर्माची आहे, दागिना नाई, एकपदरी बारीक मण्याची चालन काय. वजनाच्या दिवशी मुख्य पंच असते, त्याइले बी समोरासमोर भेट. स्टेजवर चढल्यावर वाद घालायचा नाई, आधीच मिटवून ठेवायचं. अन ते नाईच म्हणले तं काय कराचं हे मी सांगणार नाई, कोनीच सांगू नये, ते तू अन तुहे बाबा बसून ठरवा, बुवाले इचारा. माह्यासंगचा एक माळकरी पोट्टा बापाच्या हातात माळ देऊन चढला होता अन उतरल्याबरोबर पयले माळ घातली, मंग पाणी पेला. दुसरा एक उतरलाच नाई, तो पॉवरलिफ्टिंगले गेला, त्याचं बी बरोबरच होतं.

म्हणून बाबाले स्पर्धेले सोबतच आण, नुसतं सांगू नको. ते कापूस वेचणीचे दिवस असतीन, त्याइले दिवस काढणं जड जाईन, तरी आण.

कामाचं राह्यलं ते सांगतो. टॅन म्हणजे अंगाले लावायचा तो काळा रंग, आदल्या रात्री दोन हात अन सकाळी एक. तेल जास्त चोपडू नको, पंच पुसायले लावते. घरची जुनी चादर संग ने, रंग अंथरुणाले लागते अन मंग हॉस्टेलवाले दंड मागते. खाली घालायले जुनी चप्पल. गूळ-शेंगदाणे अन दोन केळी, स्टेजच्या अर्धा तास आधी खायचे. ओळखपत्र अन एलिजिबिलिटी फॉर्मची झेरॉक्स वेगळ्या पिशवीत, बाबाजवळ दे. पोळा झाला की पुढून, बाजूनं अन मागून असे फोटो काढून इथं टाक, पाय दिसले पायजे, चेहरा नाई दिसला तरी चालन. मी पाहून सांगतो कुठं काय कमी आहे.